गोंदेश्वराच्या नावावर काय काय खपतं

शिर्डीहून नाशिककडे परतताना अनेक गाड्या सिन्नरला गोंदेश्वरापाशी थांबतात. आवारात माहिती फुकट मिळते. देऊळ हेमाडपंताने बांधलं. खर्च आला दोन लाख रुपये. चुन्याचा कणही न वापरता ते उभं आहे. कधी कधी पांडवही हजेरी लावून जातात. नाशिक जिल्ह्यात त्यांचा मुक्काम सहसा चुकत नाही. हीच वाक्यं पुढे रीलमध्ये आणि सहलींच्या जाहिरातींत फिरतात. त्यातलं एक खरं आहे.

हेमाडपंताचं प्रकरण तपासायला सोपं, कारण त्याचा काळ माहीत आहे. हेमाडपंत म्हणजेच हेमाद्री हा देवगिरीच्या महादेव आणि रामचंद्र या यादव राजांचा श्रीकरणाधिप, म्हणजे राजदफ्तराचा प्रमुख. महादेव गादीवर आला तो १२६१ च्या सुमारास. गोंदेश्वराचा काळ अभ्यासक शैलीवरून अकरावं-बारावं शतक असा धरतात. अंबरनाथच्या शिवमंदिरात तर शक ९८२ चा, म्हणजे १०६० चा शिलालेखच आहे. हेमाद्रीच्या दोनशे वर्षं आधीचा. तरी तेही ‘हेमाडपंती’च! मोडी लिपी, बाजरी आणि राज्यभरची देवळं एवढं सगळं एकाच माणसाच्या खात्यावर जमा झालं आहे. ‘चतुर्वर्गचिंतामणी’सारखा प्रचंड ग्रंथ लिहून हा गृहस्थ इतकं कधी करणार?

गंमत अशी की सिन्नरला हेमाद्रीचा खरा उपयोग वेगळाच आहे. त्याच्या ग्रंथातल्या ‘व्रतखंडा’त यादवांची वंशावळ येते आणि सेउणचंद्राने सेउणपूर वसवल्याचं तिथे कळतं. हे सेउणपूर म्हणजेच सिन्नर, असं मानलं जातं. हेमाद्रीने गावाला देऊळ दिलं नाही, इतिहास दिला. पण तो फोटोत येत नाही.

दोन लाखांची गोष्टही हवेतून आलेली नाही. गवळी राजा राव शिंगुणी याचा मुलगा राव गोविंद याने दोन लाख खर्चून हे देऊळ बांधलं, असं इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरात छापलं आहे. स्थानिक लोकांनी सांगितलं, साहेबाने लिहून घेतलं आणि छापलं गेल्यावर तो पुरावा झाला. पण यादवांचं नाणं होतं सोन्याचं पद्मटंक. रुपया शेरशहा सूरने पाडला तो सोळाव्या शतकात. तेव्हा हा हिशेब कुणीतरी खूप नंतर, आपल्या काळाच्या पैशात मांडलेला दिसतो. गवळी राजा मात्र अगदीच टाकाऊ नाही. यादवांना लोक गवळी राजे म्हणत आले आहेत. म्हणजे लोकांनी घराणं बरोबर लक्षात ठेवलं, रक्कम तेवढी घुसडली.

खरं आहे ते चुन्याचं. भिंतीजवळ उभं राहून दोन दगडांमधली फट पाहा: तिथे भरलेलं असं काही दिसत नाही. दगड घासून सपाट करायचे, एकात खाच, दुसऱ्यात तिच्यात बसणारा उंचवटा ठेवायचा आणि बाकीचं काम वरच्या वजनावर सोडायचं. छतासाठी प्रत्येक थर खालच्यापेक्षा थोडा आत सरकवत न्यायचा. शिखरावर वरपर्यंत गेलेल्या उभ्या पट्ट्या आणि त्यांच्या मधे छोट्या शिखरांच्या ओळी दिसतात. हीच भूमिज शैली. मधे महादेव आणि चार कोपऱ्यांना चार लहान देवळं, असं हे पंचायतन आहे. घोटाळा मात्र इथूनच सुरू होतो. बिनचुन्याचं ते हेमाडपंती, आणि हेमाडपंती ते हेमाडपंताचं!

पांडवांबद्दल वाद घालायला सिन्नर ही जागाच नव्हे. त्यासाठी नाशिकची पांडवलेणी गाठावीत. तिथे तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीचा आणि दहाव्यात नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. कुणी कुणाला काय दान दिलं, ते ब्राह्मी अक्षरांत कोरलेलं आहे. दान बौद्ध भिक्षूंना होतं. पांडवांचं नाव नंतर चिकटलं.

सिन्नरमध्येच ऐश्वर्येश्वराचं एक लहान देऊळ आहे. शिखर गेलेलं, पण आतलं मकरतोरण बघण्यासारखं. त्याच्याबद्दल अजून कुणी फारसं खोटं सांगत नाही. तिकडे गाड्या वळत नाहीत.