पाण्याच्या शहरातील कुलूपबंद वस्ती

आमची थोरली लेक नोकरीनिमित्त इटलीत असते. तिने आग्रहाने बोलावले, म्हणून आम्ही उभयता व्हेनिस पाहून आलो. चाळीत वाढलेल्या आमच्यासारख्यांना असा योग येईल, असे कधी स्वप्नातही वाटले नव्हते.

स्टेशनच्या पायऱ्या उतरलो तर समोर रस्ताच नाही! नुसते पाणी. शंभराहून अधिक लहान बेटांवर, चिखलात लाकडी खांब ठोकून हे शहर उभारले आहे. पूल चारशेहून अधिक. मोटारी कुठेच नाहीत. बसच्या जागी बोट, रुग्णवाहिका म्हणजे बोट, अंत्ययात्राही बोटीतून! सफाई कामगार दारोदारचा कचरा हातगाडीतून काठावर आणतात आणि तिथून तो बोटीत चढवतात. आमच्या घरातल्या दोन पिढ्या सफाई खात्यात राबल्या, त्यामुळे पुलाच्या पायऱ्यांवरून ती गाडी ओढताना पाहून आमचे पाय आपोआप थांबले.

गोंडोला नावाच्या नावेतून अर्धा तास फिरण्याचा दर २०२३ साली ९० युरो ठरला. तो ऐकून आम्ही काठावरूनच समाधान मानले. तेव्हा लेक म्हणाली, "पप्पा, आई, चला, तुम्हाला एक जागा दाखवते. तिथे पायीच जाता येते."

स्टेशनपासून दहा-पंधरा मिनिटे चाललो. एका बुटक्या, अंधाऱ्या बोळातून वाकून आत शिरलो. दगडी चौकटीत बिजागरीच्या खोबणी अजून दिसतात. हीच ती 'घेटो' वस्ती. इथे पूर्वी तांबे ओतण्याच्या भट्ट्या होत्या. भट्टीसाठी असलेल्या स्थानिक शब्दावरूनच हे नाव पडले, असे बहुतेक अभ्यासक मानतात. पुढे तेच नाव जगभरच्या कोंडलेल्या वस्त्यांना मिळाले.

२९ मार्च १५१६ रोजी व्हेनिसच्या राज्यकर्त्यांनी हुकूम काढला, की ज्यूंनी याच बेटावर राहावे. रात्री दरवाजे बंद होत. भोवतीच्या कालव्यात पहारेकऱ्यांच्या नावा फिरत. आणि त्या पहारेकऱ्यांचा पगार कोणी द्यायचा? कोंडलेल्यांनीच! बाहेर पडताना अंगावर पिवळी खूण लावायची. घर विकत घ्यायचे नाही. धंदे ठरवून दिलेले : जुने कपडे विकणे, गहाणवट, वैद्यकी. रात्री वैद्याला मात्र बाहेर जायची मुभा असे. आजार आला की ज्यूचा हात चाले, एरवी त्याची वस्ती वेगळी!

माणसे वाढली, पण जागा वाढेना. म्हणून मजल्यावर मजले चढले. ती सात-सात मजली घरे, ती ठेंगणी छते पाहून आम्हाला आमची दहा बाय दहाची खोली आठवली.

१७९७ साली नेपोलियनच्या फौजा आल्या आणि ते दरवाजे तोडून जाळण्यात आले. पण द्वेष जळाला नव्हता. १९४३-४४ मध्ये याच शहरातून दोनशेहून अधिक ज्यूंना नाझींच्या छळछावण्यांत पाठवले गेले. त्यांत चौकातल्या वृद्धाश्रमातील म्हातारी माणसेही होती. भिंतीवरच्या स्मारकाजवळ आम्ही बराच वेळ उभे होतो. कोणीच बोलले नाही.

परमपूज्य बाबासाहेबांनी 'अनटचेबल्स ऑर द चिल्ड्रन ऑफ इंडियाज घेटो' असे नाव देऊन अस्पृश्यांवर लिहिले. महाराष्ट्र शासनाने ते लिखाण १९८९ साली त्यांच्या समग्र साहित्याच्या पाचव्या खंडात छापले. ते नाव आम्ही ऐकून होतो, पण त्याचे वजन त्या बोळात वाकलो तेव्हा कळले. तिथे कालवा होता. आमच्या आजोबांच्या गावी ओढा होता आणि ओढ्यापलीकडे वस्ती. दरवाजा नव्हता, कुलूप नव्हते, तरी हद्द सर्वांना पाठ होती.

वाचकहो, कायद्याने दरवाजे पडतात, मनातले पाडावे लागतात. व्हेनिसच्या ज्यूंनी त्या खोबणी बुजवल्या नाहीत. शाळेतली मुले तिथे येतात, प्रश्न विचारतात. आपणही सुट्टीत मुलांना गावी नेतो. तेव्हा ओढ्याकाठी घटकाभर थांबावे आणि आपले आजी-आजोबा कुठून पाणी भरत, ते त्यांना दाखवावे. त्याला तिकीट लागत नाही.