नांदेड-लातुरात इतिहासात पीएच.डी. करायचीय?

आपल्याकडे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे. 17 सप्टेंबर 1994 रोजी स्थापन झालेल्या या विद्यापीठाचा मुख्य परिसर नांदेडला, उपपरिसर लातूरला.

📌 पात्रता: एम.ए.ला किमान 55 टक्के (राखीव प्रवर्गांना 5 टक्के सवलत).

📌 मुदत: यूजीसीच्या 2022च्या नियमांनुसार किमान 3, कमाल 6 वर्षं. आधी कोर्सवर्क, मग प्रबंध, शेवटी मौखिक परीक्षा.

📌 विषय: तो दारातच आहे! कंधारची राष्ट्रकूट परंपरा, देगलूरजवळच्या होट्टलची चालुक्यकालीन मंदिरं, खरोशाची लेणी, औशाचा किल्ला, 1760ची उदगीरची लढाई, हैदराबाद मुक्तिसंग्राम.

📌 भाषा: निजामी राजवटीचे कागद मुख्यतः फारसी-उर्दूत, जुने मराठी दप्तर मोडीत, अनेक शिलालेख कन्नडमध्ये. म्हणून नोंदणीआधीच यातली एक लिपी शिकायला घ्या. हैदराबादच्या तेलंगणा राज्य अभिलेखागाराची वारी करावीच लागेल.

📌 आधी शोधगंगा हे प्रबंधांचं संकेतस्थळ चाळा. झालेल्या कामाची पुनरावृत्ती टळते.

मुक्तिसंग्राम पाहिलेली पिढी आता थकली आहे. गावातल्या आजी-आजोबांच्या आठवणी आजच ध्वनिमुद्रित करा. उद्याच्या प्रबंधाचं पहिलं साधन तेच असेल.