सातबारा पाहायला खातं कशाला?

गोंदियातल्या धान उत्पादकाला आपला सातबारा नुसता पाहायचा असेल, तर महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर खातं लागत नाही. गाव, गट क्रमांक, मोबाइल क्रमांक आणि कॅप्चा पुरतो. डिजिटल स्वाक्षरीच्या उताऱ्यासाठी मात्र लॉगिन करून १५ रुपये भरावे लागतात. हा फरक रास्त आहे. पैसे कोणी भरले, उतारा कोणाला द्यायचा, हे सर्व्हरला लक्षात ठेवावं लागतं. नुसत्या वाचकाचं काय लक्षात ठेवायचं? उलट, साठवलेले क्रमांक आणि पासवर्ड चोरीला जाऊ शकतात. न साठवलेले जात नाहीत. २०२३चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही कामापुरतीच माहिती घ्या, असं सांगतो. मराठी विकिपीडियाही लॉगिनशिवाय वाचता येतो. तेव्हा वाचन खुलं असावं, ओळख व्यवहारापुरती विचारावी.