शेवटच्या एसटीपासून उलटी आखणी

घोडेगावहून पश्चिमेला निघालं की सह्याद्री सुरुवातीला फारसा त्रास देत नाही. रस्ता डिंभे धरणाच्या जलाशयाला, म्हणजे हुतात्मा बाबू गेनू सागराला, वळसे घालत हळूहळू वर चढतो. भातखाचरं आणि हिरड्याची झाडं ओलांडत तो घोड नदीच्या उगमाकडे, आहुपे गावापर्यंत जातो. आहुप्याच्या पुढे थोडं चाललं की जमीनच संपते. समोर सरळ तुटलेला कडा आणि सात-आठशे मीटर खाली मुरबाड तालुका, म्हणजे कोकण. घाटमाथ्यावरून निघणाऱ्याला अवघड भाग भेटतो तो असा, पायांखाली. म्हणूनच इथल्या तीन-चार दिवसांच्या भटकंतीची आखणी कुठून चढायचं यापेक्षा कुठून उतरायचं, इथून सुरू करावी.

त्यासाठी आधी डोंगर कसा घडला आहे ते पाहू. सह्याद्री हा लाव्हाच्या आडव्या थरांचा डोंगर. टणक थराचा कडा होतो आणि मऊ थर झिजून सपाटी उरते. त्यामुळे कोकणातून पाहिलं तर डोंगर जिन्यासारखा दिसतो. मधल्या रुंद पायरीला इथे ‘पदर’ म्हणतात. घाटवाटा या थरांमधून तीन प्रकारे वर येतात. काही सोंडेवरून येतात, काही कड्याच्या पोटातून आडव्या जातात, तर काही नाळेतून, म्हणजे पाण्याने कापलेल्या अरुंद घळीतून. सोंडेवरची वाट दिसते आणि वाराही मिळतो, पण सावली नसते. नाळेत सावली असते, मात्र मोठमोठे धोंडे आणि घसारा असतो. आडवी वाट पायाला सोपी, पण गवत माजलं की चुकते.

आंबेगाव आणि जुन्नर तालुक्यांच्या पश्चिम कडेला दक्षिणेकडून उत्तरेकडे आहुपे, दुर्ग, धाकोबा, जीवधन आणि नाणेघाट अशी ओळ लागते. तिच्यातल्या तीन घाटांचे स्वभाव वेगळे आहेत. आहुपे घाट खोपिवलीकडे उतरतो. गावकऱ्यांच्या जाण्यायेण्याने मळलेली ही वाट लांब असली तरी फसवी नाही. धाकोबाच्या कुशीतला दऱ्या घाट पळू गावाच्या बाजूला उतरतो. तो नाळेचा, धोंड्यांचा आणि कातळटप्प्यांचा आहे, तिघांत सर्वांत अवघड. नाणेघाट हा सातवाहनांच्या काळापासूनचा व्यापारी मार्ग. माथ्याजवळ नागनिकेचा ब्राह्मी शिलालेख असलेली लेणी आहे, पाण्याची कोरीव टाकी आहेत आणि जकातीचा म्हणून ओळखला जाणारा दगडी रांजण आहे.

यांतला अवघड घाट चढायला ठेवायचा आणि ओळखीचा उतरायला. चढताना तोंड कातळाकडे असतं, खोबण डोळ्यांसमोर असते आणि वजन पायांवर राहतं. उतरताना पाय कुठे टेकतोय ते दिसत नाही, पाठीवरची सॅक पुढे ढकलते, गुडघे थकलेले असतात आणि घसाऱ्यावर एक पाय सुटला की दुसराही सुटतो. म्हणून आपला क्रम असा: घोडेगावहून एसटीने आहुपे आणि तिथे मुक्काम. दुसऱ्या दिवशी आहुपे घाटाने खाली आणि रात्री पळूच्या बाजूला मुक्काम. तिसऱ्या दिवशी दऱ्या घाटाने वर धाकोबाला. चौथ्या दिवशी माथ्यावरूनच उत्तरेला नाणेघाटाजवळच्या घाटघरला आणि तिथून गाडीने जुन्नरला.

आता वेळेचा हिशेब. तो शेवटच्या दिवसापासून मागे करायचा, कारण या चार दिवसांत आपल्या हातात नसलेली एकच गोष्ट आहे, ती म्हणजे घाटघरहून सुटणारी शेवटची गाडी. तिची वेळ निघण्याआधी जुन्नर स्थानकात विचारून घ्यावी. शाळेच्या सुट्टीत ती धावते का, हेही त्याच वेळी विचारावं. समजा, गाडी साडेचारची आहे. नकाशावर दोरा ठेवून मोजलं तर धाकोबा ते घाटघर समजा १४ किलोमीटर भरलं आणि मधल्या दऱ्या ओलांडताना एकूण ४०० मीटर चढ आला. विल्यम नाइस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली एक साधा नियम मांडला. दर ५ किलोमीटरला एक तास धरायचा आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. त्याप्रमाणे चालण्याचे पावणेतीन तास आणि चढाची चाळीस मिनिटं, म्हणजे साडेतीन तासांच्या आत काम व्हायला हवं. पण नाइस्मिथने हा नियम स्कॉटलंडच्या थंड हवेत बांधला. इथे ऊन आहे, पाठीवर ओझं आहे, आणि वाट शोधण्यात वेळ जातो तो वेगळाच. म्हणून आकडा दुप्पट करून सात तास धरावेत. जेवण आणि विश्रांतीचा एक, चुकण्यासाठी राखीव एक, असे एकूण नऊ तास होतात. साडेचारमधून नऊ वजा केले की निघायची वेळ येते साडेसात. डिसेंबरात सूर्य सातच्या सुमारास उगवतो, म्हणजे अंधारात चहा आणि उजाडताच सॅक पाठीवर. हा हिशेब बसत नसेल तर तिसऱ्या दिवसाचा मुक्काम पुढे सरकवायचा. शेवटच्या दिवशी धावपळ करून वेळ भरून काढायची नाही.

तिसऱ्या दिवसाची वेळ ऊन ठरवतं. कड्याचं तोंड पश्चिमेला असल्यामुळे कोकणातून चढणाऱ्याला सकाळी दहा-साडेदहापर्यंत डोंगराचीच सावली मिळते. दुपारनंतर तोच कातळ तापतो आणि नाळेत वाराही शिरत नाही. दऱ्या घाटाचा चढ आठशे मीटरच्या वर आहे. पळूच्या बाजूने पहाटेच निघालं तर निम्म्याहून जास्त चढ सावलीत होतो. आहुपे घाटाचा उतारही याच कारणाने सकाळी उरकायचा. खोपिवली ते पळू हा पायथ्याचा टप्पा मात्र दुपारी येतो. तिथे उन्हात पायपीट करण्यात हशील नाही, मिळेल त्या जीपने किंवा सहा आसनी रिक्षाने जावं.

पाण्याचा हिशेब लिटरमध्ये नाही, किलोमध्ये करावा. हिवाळ्यात माणशी दिवसाला चार लिटर म्हणजे चार किलो. त्यात जेवण, पांघरूण आणि दोर आला की सॅक दहा-बारा किलोंवर जाते. म्हणून नकाशावर आधी पाण्याच्या जागांवर खुणा करायच्या, मुक्काम त्यावरून ठरवायचे. आहुपे आणि पायथ्याच्या गावांत पाणी आहे. नाळेतले झरे दिवाळीनंतरही वाहतात आणि होळीपर्यंत बहुतेक आटतात. म्हणून गावात भरलेलं पाणी माथ्यापर्यंत पुरेल असंच धरून निघायचं. वाटेत झरा लागला तर नशीब समजायचं, पण त्याच्या भरवशावर निघायचं नाही.

ऋतू ठरवणं सोपं आहे: ऑक्टोबर अखेर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात नाळा म्हणजे धबधबे असतात आणि मुरमाड उतार पाणी पिऊन सुटतात. घोडेगावच्या पश्चिमेच्या याच पट्ट्यातल्या माळीणवर ३० जुलै २०१४ रोजी डोंगर कोसळला आणि दीडशेच्या वर माणसं गेली. पाऊस ओसरल्यावरही गेल्या वर्षीची वाट यंदा घसाऱ्याखाली गेलेली असू शकते. ऑक्टोबरच्या सुरुवातीला गवत आणि कारवी डोक्याएवढी असते, खालचा दगड दिसत नाही. फुरसंही त्याच गवतात असतं.

नकाशाबद्दल एक गोष्ट ध्यानात ठेवावी. भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० प्रमाणाचे नकाशे या कामाला उत्तम. त्यात २ सेंटिमीटर म्हणजे १ किलोमीटर. समोच्च रेषांमधलं अंतर साधारणपणे २० मीटर असतं. म्हणजे दोन रेषांच्या मध्ये १५ मीटरचा सरळ कातळ उभा असला तरी नकाशावर तो दिसणारच नाही. मोबाईलवरचा कोणी चालून ठेवलेला मार्ग तो कातळ टाळतो, पण तो मार्ग कोणत्या महिन्यातला आहे हे सांगत नाही. ही उणीव गावातला माणूस भरून काढतो, फक्त प्रश्न नीट विचारायला हवा. “मामा, ही वाट वर जाते का?” असं विचारलं की उत्तर येतं, “जाते की.” आणि ते खरंही असतं, त्यांच्यासाठी. त्याऐवजी विचारावं, “यंदाच्या पावसानंतर कोणी गेलंय का? गुरं जातात का? डोक्यावर मोळी घेऊन बाया उतरतात का?” गुरं जातात म्हणजे वाट रुंद आहे. मोळी उतरते म्हणजे हात न वापरता चालता येतं. “गडीमाणूस जातो,” एवढंच उत्तर आलं तर कातळटप्पा आहे असं समजावं आणि वाटाड्या बरोबर घ्यावा. त्याची मजुरी आदल्या रात्रीच ठरवावी. आपल्याला वर सोडून त्याला परत घरी यायचं असतं, म्हणून पैसे दोन्ही वेळच्या चालीचे द्यावेत.

दऱ्या घाटासाठी परत फिरायची जागाही आधी ठरवून ठेवावी. सहसा लोक परत फिरायची वेळ ठरवतात, इथे जागा महत्त्वाची. कातळटप्पा चढून गेल्यावर परत उतरणं चढण्यापेक्षा अवघड, म्हणून निर्णय त्याच्या खाली, पदरावरच घ्यायचा. नऊपर्यंत सगळे पदरावर पोचले नाहीत, कोणाचा पाय मुरगळला, पाणी निम्म्यावर आलं, किंवा वर ढग दिसले तर तिथूनच पळूला परत. ३० मीटरचा दोर जरूर न्यावा, पण तो कुठे बांधायचा हे कळणारा माणूस असेल तरच. नाळेत एकापाठोपाठ एक चालायचं नाही. एकाने मोकळ्या जागेपर्यंत जाऊन बाजूला व्हायचं, मग दुसऱ्याने निघायचं. दगड सुटला की पहिलं काम म्हणजे “दगड!” अशी आरोळी. कड्याला आग्या मोहोळ लटकलेलं असेल तर अत्तर, धूर आणि आरडाओरडा तिन्ही वर्ज्य.

आहुप्याच्या परिसरात भीमाशंकर अभयारण्याचं क्षेत्र लागतं. तिथे वन खात्याच्या परवानगीशिवाय तंबू ठोकता येत नाही, आणि शेकोटी पेटवणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा ठरू शकतं. त्यापेक्षा गावात मुक्काम करावा. इथल्या महादेव कोळी घरांत आधी कळवलं तर नाचणीची भाकरी आणि पिठलं मिळतं. ऐन रात्री दहा जणांनी दार ठोठावलं तर त्या मावशींच्या पिठाच्या डब्यावर आपण डल्ला मारतो हे समजून पैसे न मागता द्यावेत.

सगळं ठरलं की एका कागदावर लिहून तो घरी द्यावा. त्यावर चार दिवसांचे मुक्काम, प्रत्येक गावातल्या एका माणसाचा फोन, सोबत्यांची नावं आणि रक्तगट असावेत. जवळची रुग्णालयंही लिहावीत. वरच्या बाजूला घोडेगाव आणि मंचर, खालच्या बाजूला मुरबाड. साप चावला तर वेळ इलाज शोधण्यात घालवायचा नाही, थेट यांपैकी जे जवळ असेल ते गाठायचं. माथ्यावर फोन लागेलच असं नाही, म्हणून फोन आला नाही तर काय करायचं हेही त्याच कागदावर असावं: चौथ्या दिवशी रात्री दहापर्यंत जुन्नरहून फोन आला नाही तर घाटघरला फोन करायचा. तिथे कोणी पाहिलं नसेल तर पळूला. दोन्हीकडे पत्ता नसेल तर सकाळची वाट न पाहता ११२ ला आणि महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरला कळवायचं. हा कागद ज्याच्या हातात देणार, त्याच्याकडून तो एकदा मोठ्याने वाचून घ्यावा, आणि त्याला जिथे शंका येईल तिथे आखणी पुन्हा तपासावी.