फटफटीचे इंजिन आणि घाटाचा हिशेब

पुणे-सातारा रस्त्यावरील कामथडी गावी माझा एक जुना विद्यार्थी राहतो. शाळेत असताना गणिताच्या तासाला तो खिडकीबाहेर पाही. आता मात्र तो स्वतःच एक गणित घेऊन माझ्याकडे आला. त्याच्यापाशी यामाहाची जुनी आर. एक्स. 100 फटफटी आहे. पाठीमागे भाऊ व मध्ये सामान घेऊन कात्रजचा जुना घाट चढताना ती धापा टाकते. “गुरुजी, 135 चा ब्लॉक बसवला तर?” असा त्याचा प्रश्न होता.

ही गाडी आपल्याकडे 1985 ते 1996 या काळात तयार होत असे. बंद होऊन इतकी वर्षे झाली तरी तरुणांचे तिच्यावरील प्रेम ओसरलेले नाही. तिच्या सिलिंडरचा व्यास 50 मिलिमीटर आणि पिस्टनची धावही 50 मिलिमीटर. यावरून आतील जागा 98 घनसेंटीमीटर भरते. पुढे निघालेल्या आर. एक्स. 135 मध्ये धाव तीच ठेवून व्यास 58 केला, तेव्हा जागा 132 झाली. व्यास केवळ 8 मिलिमीटरने वाढला, पण क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढते, म्हणून जागा सुमारे 35 टक्क्यांनी वाढली. बुलेटच्या 350 व 500 या जुन्या इंजिनांतही हाच प्रकार होता: धाव दोहोंची 90, व्यास मात्र एकीचा 70 व दुसरीचा 84.

आता ही 35 टक्के वाढ जाते कोठे? शक्तीही तेवढीच वाढली असे धरू. सपाट रस्त्यावर वेगाने जाताना मुख्य वैरी हवा. तिचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि त्यावर मात करण्यास लागणारी शक्ती घनाने. यास्तव ताशी 90 किलोमीटर धावणारी गाडी 35 टक्के अधिक शक्तीने फार तर 99 पर्यंत जाईल. उलट थांबण्यास लागणारे अंतर वेगाच्या वर्गाने, म्हणजे एकवीस टक्क्यांनी वाढेल. ब्रेक मात्र तेच जुने, दोन्ही चाकांना ड्रमचे! त्यांना नव्या ब्लॉकची वार्ता कोणी सांगितलेली नसते.

घाटाची गोष्ट निराळी. तेथे ओझे वर उचलायचे असते. गाडी, दोन माणसे व सामान मिळून अडीचशे किलो धरा. बारा फुटांस एक फूट चढ आणि वेग ताशी 36 किलोमीटर. एवढे ओझे चढविण्यास पावणेतीन अश्वशक्ती पुरते. हवा व घर्षण यांचा वाटा वेगळा धरला तरी आकडा फार मोठा होत नाही. या इंजिनाची शक्ती तर 11 अश्वशक्ती! मग धाप का लागावी?

याचे उत्तर असे की, ती 11 अश्वशक्ती मिनिटाला 7,500 फेरे होतात तेव्हाची आहे. फेरे मंदावले की शक्तीही ओसरते. आमचे चिरंजीव पेट्रोल वाचविण्याच्या समजुतीने चढावरही वरच्या गिअरमध्येच रेटीत असत. शिवाय टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलबरोबर ऑइलही जळते व त्याची काजळी सायलेन्सरमध्ये साचते. मेस्त्रीने तो उघडला तेव्हा आतील वाट चुलीच्या जुन्या धुराड्यासारखी भरलेली निघाली. पिस्टनच्या रिंगाही झिजलेल्या होत्या.

तरीही त्याच्या मनातील ब्लॉक जाईना. त्याच्या एका मित्राने तो बदल केलेला होता. त्याची गाडी मागून आणून आम्ही दोघे घाटात गेलो. चढताना तिने अशी ओढ दाखविली की मलाही, खोटे कशाला सांगू, मौज वाटली. परंतु पुण्याकडील उतारावर एका वळणानंतर म्हैस आडवी आली. ब्रेक दोन्ही दाबले होते. म्हशीच्या शेपटीपासून हातभर अंतरावर आम्ही उभे राहिलो. म्हैस हलली नाही. आम्ही मात्र बराच वेळ कठड्यावर बसून होतो.

ब्लॉक बदलताना खालच्या क्रँककेसचे तोंड त्यास जुळते की नाही हे पाहावे लागते, आणि कार्ब्युरेटरची जेटही त्या मानाने निवडावी लागते. पेट्रोल कमी पडले तर पिस्टन तापून फुगतो व चालत्या गाडीत जाम होतो. मागचे चाक तत्क्षणी अडकते. अशा वेळी ज्याचा हात क्लचवर नाही त्याची धडगत नाही.

कायद्याचे कलमही आहे. मोटार वाहन कायदा, 1988 याच्या कलम 52 अन्वये, नोंदणीपुस्तकातील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकास करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हेच स्पष्ट केले, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलास पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. पुस्तकात 98 आणि गाडीत 132, हे विम्याच्या दाव्याच्या वेळी नडू शकते, ते वेगळेच.

अखेर त्याने सायलेन्सर साफ करविला, रिंगा नव्या घातल्या आणि पुढचे 14 दातांचे स्प्रॉकेट काढून 13 दातांचे बसविले. त्याने मागच्या चाकाची ओढ पावणेआठ टक्क्यांनी वाढते; तेवढ्याच मानाने सपाटीवर इंजिनाचे फेरे वाढतात व पेट्रोलही थोडे अधिक जाते. नवीन ब्रेक-शूज त्याने न सांगता घातले. परवा तो भावासह घाट चढून आला आणि म्हणाला, “गुरुजी, दुसऱ्या गिअरमध्ये आली, पण न थांबता आली.”