पाणी कमी असेल तर फळ सोडा, झाड धरा

होळी झाली की जालना जिल्ह्यातल्या मोसंबी बागायतदाराचे लक्ष विहिरीच्या तळाकडे लागते. 2012-13 च्या दुष्काळात या भागात पोटच्या पोरासारख्या वाढवलेल्या बागा उभ्या वाळल्या. मोसंबी फळावर यायला पाच-सहा वर्षे लागतात, त्यामुळे गेलेली बाग एका पावसाळ्यात परत येत नाही.

म्हणून शेतकरी बंधूंनी आधी विहिरीचा अंदाज घ्यावा. पाणी मे अखेर पुरणार नसेल, तर आंबे बहाराची फळे तोडून टाकावीत. हात धजावत नाही, हे खरे. पण फळ झाडाचे पाणी ओढते. सुकलेल्या फांद्या व पाणसोटही काढावेत.

"साहेब, पानं पिवळी पडली, युरिया टाकू का?" हा प्रश्न गावोगाव विचारतात. टाकू नका! कोरड्या मातीत खत पडले की क्षार वाढतात, मुळांना उरलेसुरले पाणीही घेता येत नाही आणि पानांचे शेंडे करपतात. शिवाय युरियाने कोवळी पालवी फुटली तर तिला पाणी आणणार कुठून? रासायनिक खत चांगला पाऊस होऊन जमीन भिजल्यावरच द्यावे. तोवर 10 लिटर पाण्यात 100 ग्रॅम पोटॅशियम नायट्रेट मिसळून दर पंधरा दिवसांनी, सकाळी किंवा ऊन उतरल्यावर फवारावे.

आता ठिबकाचे. लागवडीच्या वेळी बुंध्याशी ठेवलेले ड्रिपर आठ-आठ वर्षे तिथेच असतात. बुंधा ओला, मुळं कोरडी! वर डिंक्या रोग लागतो तो वेगळाच. अन्नपाणी घेणारी बारीक मुळे फांद्यांच्या घेराखाली, वरच्या फूट-दीड फूट मातीत असतात. नळी तिकडे सरकवा. पाटाने पाणी देत असाल तर दुहेरी आळे करून बुंध्याला मातीची भर द्या. पाणी रात्री किंवा पहाटे सोडावे.

आळ्यात उसाचे पाचट किंवा सोयाबीनचे भुसकट तीन-चार इंच पसरावे, मात्र बुंध्याला टेकवू नये, आणि वाळवीवर नजर ठेवावी. भुसकट पेटवून देणारे आपल्याकडे अजून आहेत, काय म्हणावे! खोडाला दोन-तीन फुटांपर्यंत बोर्डोपेस्ट लावावी : मोरचूद 1 किलो, चुना 1 किलो, पाणी 10 लिटर.

दोन-तीन वर्षांच्या रोपांना मडके बरे. बुडाला बारीक भोक पाडून वात बसवावी, आळ्यात पुरावे आणि वर झाकण ठेवावे. टँकरचे पाणीही मग वाया जात नाही.