सही कुलसचिवांची, अधिकार कुणाचा?

सोलापूर विद्यापीठ १ ऑगस्ट २००४ रोजी सुरू झाले, ते १९९४च्या विद्यापीठ अधिनियमाखाली. १ मार्च २०१७ पासून महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ लागू झाला आणि २०१९ मध्ये विद्यापीठाला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचे नाव मिळाले. कायदा बदलला, नाव बदलले, कुलगुरू आले-गेले. पण जुन्या नावाने केलेल्या करारांची देणी त्यामुळे बुडत नाहीत. विद्यापीठाच्या केगावच्या आवारात बांधकाम करणाऱ्या कंत्राटदाराचा करार कोणा पदाधिकाऱ्याशी नसतो. तो अखंड परंपरा आणि सामाईक मोहोर असलेल्या, कायद्याने घडवलेल्या संस्थेशी असतो. म्हणूनच त्या संस्थेच्या वतीने शब्द देण्याचा अधिकार कुणाचा, हे नेमके ठाऊक असायला हवे.

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत विद्यापीठांची स्थापना राज्यसूचीत, ३२व्या नोंदीत येते. तरी सरकारी करार राज्यपालांच्या नावाने व्हावेत, ही अनुच्छेद २९९ची अट विद्यापीठाला लागू नाही. राज्यपाल कुलपती असले तरी विद्यापीठ स्वतःच्या नावाने करार करते, दावा लावते आणि दाव्याला सामोरेही जाते. २०१६च्या अधिनियमाच्या तिसऱ्या कलमाने त्याला मालमत्ता बाळगण्याचा व करार करण्याचा अधिकार दिला. मात्र मालमत्ता विकायची किंवा भाडेपट्ट्याने द्यायची, तर राज्य शासनाची पूर्वसंमती लागते. करार करणे, बदलणे, रद्द करणे हे व्यवस्थापन परिषदेचे काम. कुलसचिव सही करतात, तीही प्राधिकरणांच्या निर्णयाला अधीन राहून. करारनाम्याच्या शेवटच्या पानावरची सही खरी असली, तरी तिच्यामागे ठराव नसेल तर तिचा पायाच कच्चा. कागदावर ‘सामंजस्य करार’ असा मथळा घातल्यानेही हा प्रश्न टळत नाही. बंधन आहे की नाही, हे न्यायालय मजकुरावरून ठरवते.

यावर पहिला आक्षेप असा, की ठरावाविना केलेला करार पोकळ ठरवला तर प्रामाणिकपणे काम करणारा कंत्राटदार नाहक भरडला जाईल. त्याची सोय १८७२च्या करार कायद्यातच आहे. फुकट देण्याचा हेतू नसताना कायदेशीरपणे केलेल्या कामाचा लाभ घेणाऱ्याने भरपाई दिली पाहिजे, असे कलम ७० सांगते. पश्चिम बंगाल सरकार विरुद्ध बी. के. मोंडल या १९६१च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे तत्त्व थेट सरकारलाही लावले. दुसरा आक्षेप वेळेचा : परीक्षा तोंडावर आल्या की परिषदेच्या बैठकीची वाट कोण पाहणार? तातडीच्या प्रसंगी कुलगुरूंनी कृती करावी आणि संबंधित प्राधिकरणाला कळवावे, अशी तरतूद कायद्यात आहेच. पण अपवादाचा नियम होऊ देता कामा नये. २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिकांचे संगणकीय मूल्यांकन घाईने खासगी कंपनीच्या मदतीने राबवले. निकाल रखडले, विद्यार्थ्यांचे पुढचे प्रवेश अडकले आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पद सोडावे लागले.

तिसरा आक्षेप स्वायत्ततेचा. कुणाशी करार करायचा हे विद्यापीठाने ठरवावे, हे मान्य. पण सार्वजनिक संस्थेला मर्जीने निवड करता येत नाही. मुंबई विमानतळावरच्या उपाहारगृहाच्या निविदेत पाच वर्षांच्या अनुभवाची अट होती, तरी ती पूर्ण न करणाऱ्याला काम दिले गेले. रमण दयाराम शेट्टी खटल्यात १९७९ साली सर्वोच्च न्यायालयाने ही निवड चुकीची ठरवली. तरीही करार रद्द झाला नाही. अर्जदार उशिरा आला होता आणि काम मिळालेल्याचा पैसा गुंतून बसला होता. सार्वजनिक विद्यापीठालाही समानतेचे तेच बंधन आहे आणि उशिराने मिळालेल्या न्यायाची तीच मर्यादा.

तेव्हा पहारा सहीच्या आधी हवा. माहितीचा अधिकार कायदा, २००५चे चौथे कलम सार्वजनिक संस्थांनी माहिती स्वतःहून खुली करावी असे सांगते. सोलापूरसह राज्यातल्या प्रत्येक विद्यापीठाने मोठ्या करारासोबत परिषदेच्या ठरावाचा क्रमांक आणि तारीख जाहीर करावी, आणि अधिसभा सदस्यांनी अर्थसंकल्पावर बोलताना ती मागावी. या करारांचे पैसे विद्यार्थ्यांच्या शुल्काचे आणि जनतेच्या कराचे आहेत. ते कुणाच्या निर्णयाने खर्च झाले, हे विचारण्याचा हक्क दोघांनाही आहे.